चित्रवहीचा नित्यनेम

“शाळेंत दिवसभर चित्रें काढतोस, मग घरीं पुन्हां कागद कशाला नासतोस?” असें कलाशाळेंतील विद्यार्थ्यास घरची वडील मंडळी विचारीत असते. आमचें उत्तर असें, कीं शाळा हात तयार करते. नजर मात्र ज्याची त्यानेंच तयार करावी लागते. वर्गांत नमुना समोर असतो. कथेसाठीं चित्र काढतांना समोर कांहींच नसतें. भरलेली घागर कमरेवर घेऊन उंबरा ओलांडणारी बाई स्मरणांतूनच कागदावर उतरावी लागते.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे १८९० सालीं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें दाखल झाले व पुढें तेथेंच शिक्षक झाले. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकांत (१९१२) व रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकांत (१९२०) त्यांचीं चित्रें आहेत. नेसणीचा, दागिन्यांचा व उभें राहण्याच्या ढबीचा त्यांतील बारकावा केवळ वर्गांतल्या पुतळ्यांवरून साधत नाहीं. तो चालत्याबोलत्या माणसांकडे पाहूनच येतो.

विद्यार्थ्यानें रोज एक पान भरावें व त्यावर तारीख घालावी. एखादी वस्तु पाहून काढावी. मग वही मिटून तीच आठवणीनें काढावी. जें सुटलें तेंच उद्यां नीट पाहावयाचें. थोरांच्या चित्रांची नक्कल अवश्य करावी, परंतु शिकण्यापुरतीच.

वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति: घरांत उजेडाचा एक कोपरा द्या, आणि “याचे किती मिळाले?” हें पहिलीं दोन वर्षें तरी विचारूं नका. पदवी शाळा देईल. स्वतःची रेषा या वहींतच सांपडेल.