नकाराची कसोटी

१५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर सेनादिनाचे संचलन झाले, आणि दुसऱ्याच दिवशी जनरल व्ही. के. सिंह यांनी ऐजॉल येथे मिझोरामच्या राज्यपालपदाची शपथ घेतल्याची वार्ता आली. राज्यपालपद नेमणुकीचे असल्यामुळे त्याची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु माजी लष्करप्रमुख ज्या वाटेने तेथवर पोहोचले ती गाझियाबादच्या दोन निवडणुकांतून आणि राज्यमंत्रिपदाच्या दहा वर्षांतून गेलेली असल्यामुळे, सेनेत ज्याने निष्कलंक हुकमत चालविली तो तेवढ्यावरून लोकांचा कारभार पाहण्यास पात्र ठरतो काय, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. आणि योग असा की ज्यांच्या सरसेनापतिपदाच्या ग्रहणाची तिथी म्हणून १५ जानेवारी हा सेनादिन पाळला जातो, त्या करिअप्पांनाच या प्रश्नाचे एक उत्तर १९७१ साली आपल्या मुंबईच्या मतदारांनी दिले होते.

सैन्यात अधिकाऱ्याचे मूल्यमापन वरून होते. त्याचा गोपनीय अहवाल वरिष्ठ लिहितो, त्यावर त्याहून वरिष्ठ शेरा मारतो, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या अशा शेऱ्यांतून तावून निघालेला मनुष्य जेव्हा सेनापतिपदी पोहोचतो, तेव्हा त्याचे शौर्य, निर्व्यसनीपणा, हिशेबातला चोखपणा यांविषयी संशय घेण्यास फारशी जागा उरत नाही. मात्र त्याच्या हाताखालच्यांनी त्याला पसंत केले होते की नाही, हे त्या दफ्तरात कोठेही नोंदलेले नसते. आणि राजकारणातले मूल्यमापन तर सर्वस्वी खालून होते. तेथे हुकूम सुटला म्हणजे काम झाले असे नसते. विरोधक, स्वपक्षीय, न्यायालये, वृत्तपत्रे आणि सरतेशेवटी मतदार असे सगळेच नकार देण्याच्या अधिकाराने समोर उभे असतात. म्हणून निवृत्त सेनापतीला पारखताना मी त्याची पदके मोजीत नाही. ज्या ज्या वेळी त्याला कोणी ‘नाही’ म्हटले, त्या त्या वेळी तो कसा वागला, तेवढे शोधून पाहतो.

करिअप्पांच्या चारित्र्याविषयी दुमत संभवत नाही. १९६५ च्या युद्धाच्या अखेरीस त्यांचा वैमानिक पुत्र पाकिस्तानच्या हाती सापडला, आणि एके काळी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेल्या पाकिस्तानी राष्ट्राध्यक्ष अयूबखानांनी त्याला सोडण्याची तयारी कळविली, तेव्हा तेथील सारेच भारतीय कैदी मला पुत्रवत् आहेत, एकट्याला वेगळी वागणूक नको, असे या पित्याने उत्तर पाठविले. ही हकीकत मी अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी मान आपोआप लवली आहे.

पण त्याच अयूबखानांशी निगडित असलेली दुसरी हकीकतही तितकीच खरी आहे. १९५८ साली पाकिस्तानात लष्करी अंमल बसल्यावर तेथे गेलेल्या करिअप्पांनी त्या राज्यक्रांतीची जाहीर प्रशंसा केली. अंतर्गत अनागोंदीमुळे त्या देशभक्त सेनानींना हे पाऊल उचलावे लागले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सरसेनापती असताना १९५२ साली, भाषणे आणि पत्रकार परिषदा आवरत्या घ्याव्यात, असे नेहरूंना त्यांना पत्राने सुचवावे लागले होते. गणवेशात असेतो करिअप्पांनी मुलकी सत्तेची मर्यादा कधी ओलांडली नाही, हे त्यांचे ऋण हा देश विसरू शकत नाही. परंतु गणवेश उतरविल्यानंतर, लोकांच्या गोंधळावर हुकमाचा उतारा असतो ही त्यांची श्रद्धा उघड होत गेली. पुढे देशातील अस्वस्थतेवर त्यांनी राष्ट्रपती राजवटीचा उपाय सुचविला तोही याच श्रद्धेतून. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते. दाक्षिणात्यांविरुद्ध ज्या शिवसेनेने रान उठविले होते, तिनेच या कोडगूच्या सुपुत्राला पाठिंबा दिला, यावरून त्यांच्या नावाची जादू किती होती ते दिसते. तरीही काँग्रेसचा उमेदवार निवडून आला. इंदिराबाईंच्या लाटेचा तो परिणाम होता हे खरेच. पण त्या मतदारांनी करिअप्पांचा अवमान केला असे मला कधी वाटले नाही. सेनापतीविषयीचा आदर एका जागी ठेवून मत दुसऱ्या जागी टाकण्याचे तारतम्य त्यांनी दाखविले.

याच्या शेजारी मी नेहमी आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांना ठेवून पाहतो. १९५३ साली कोरियात युद्धकैद्यांच्या छावणीत प्रक्षुब्ध कैद्यांनी एका भारतीय मेजरला कोंडून ठेवले, तेव्हा थोरात मोजक्या सोबत्यांसह त्या जमावात शिरले आणि केवळ बोलण्याच्या बळावर त्याला सोडवून घेऊन आले. ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही, ज्यांची भाषा आपल्याला येत नाही आणि ज्यांच्या मनात आपल्याविषयी द्वेष आहे, अशा माणसांना राजी करणे, याहून राजकारणाची वेगळी व्याख्या काय करावी? पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी १९५९ साली ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा अहवाल पाठविला आणि १९६० साली लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या नावाने युद्धाभ्यास घेऊन चीनच्या आक्रमणाचा संभाव्य क्रम मांडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ती भीती निराधार वाटली आणि अहवाल पंतप्रधानांपुढे गेला नाही. १९६२ च्या आपत्तीनंतर नेहरूंनी तो मागवून पाहिल्याचे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदले आहे. मावळते लष्करप्रमुख थिमय्यांनी शिफारस करूनही ते पद थोरातांना मिळाले नाही, ते थापरांकडे गेले. एवढे दोन नकार पदरी घेऊन हा मनुष्य निवृत्त झाला आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षपदी रुजू होऊन खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या मुलाखती घेऊ लागला. निवडणुकीला ते उभे असते तर माझे मत निःशंकपणे त्यांना गेले असते.

जनरल सिंह यांच्याविषयी मात्र माझे मन दुभंगते. जन्मवर्ष १९५० की १९५१ या वादात, पदावर असताना, त्यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, हे मला रुचले नव्हते व आजही रुचत नाही. तथापि न्यायालयाचा कल पाहून त्यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये अर्ज मागे घेतला, सरकारने मानलेल्या तारखेलाच पदभार सोडला, आणि २०१५ साली येमेनमधून भारतीयांना सोडवून आणण्यासाठी मंत्री असूनही स्वतः जिबूतीत जाऊन राहिले, हे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे.

उत्तराखंडचे मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांची कथा याहून बोधक आहे. ते मुख्यमंत्री झाले, पायउतार झाले, पुन्हा झाले आणि २०१२ साली कोटद्वारला स्वतःच पराभूत झाले. तरी दोन वर्षांनी लोकसभेत जाऊन संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाल्यावर, सैन्याची ६८ टक्के सामग्री कालबाह्य वर्गातली असल्याचे मार्च २०१८ च्या अहवालात, स्वपक्षाचे सरकार असताना, त्यांनी छापू दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडून गेले. सैनिकी बाणा संसदेच्या कामी कसा लावावा याचा इतका नेमका दाखला मला दुसरा आठवत नाही.

निवृत्तीनंतर खाजगी कंपनीत नोकरी धरायची तर वर्षभर थांबावे लागते किंवा सरकारची परवानगी घ्यावी लागते. पक्षाचे सदस्यत्व मात्र दुसऱ्या दिवशी घेता येते. हे बदलले पाहिजे, आणि कालावधी एका वर्षाहून अधिक असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मतदाराला त्या काळात उमेदवार गणवेशाविना कसा बोलतो ते ऐकण्याची संधी मिळेल. करिअप्पांच्या बाबतीत तशी मिळाली होती. निवृत्ती आणि निवडणूक यांत अठरा वर्षांचे अंतर होते, आणि त्या अठरा वर्षांतली त्यांची वक्तव्ये सर्वांसमोर होती.

पराभवानंतर ते मडिकेरीच्या ‘रोशनारा’ या आपल्या घरी राहिले. माजी सैनिकांच्या प्रश्नांचा ध्यास त्यांना पूर्वीपासून होता, तो सुटला नाही. १९८६ साली फील्डमार्शलचा दंड स्वीकारण्यासाठी ते दिल्लीस गेले, तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते.