पडद्यावरील प्रकाश कोठून येतो ?

पनवेलच्या बाजारपेठेंत दूरचित्रवाणीचा संच घ्यावयास गेलें म्हणजे एल. सी. डी., एल. ई. डी. आणि ओ. एल. ई. डी. अशीं तीन नांवें कानांवर पडतात. किंमतींत अंतर मोठें. आणि पैसे तर कष्टाचे. तेव्हां ह्या नांवांतील भेद समजून घेणें अगत्याचें आहे. त्याचें मर्म एकाच प्रश्नांत आहे : प्रकाश कोठून येतो ?

एल. सी. डी. म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदा. फ्रीड्रिख राइनिट्झर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञास १८८८ सालीं आढळलेले हे पदार्थ येथें स्वतः प्रकाशत नाहींत. दिवे मागें सतत तेवत असतात. प्रकाश गाळणाऱ्या दोन पटलांमध्यें बसविलेले द्रवस्फटिक विजेच्या दाबाप्रमाणें वळतात आणि प्रत्येक बिंदूंतून किती उजेड बाहेर जावा हें ठरवितात. जणूं मोठ्या दिव्यापुढें असंख्य झडपांची खिडकीच. परंतु झडप मिटली तरी फटींतून थोडा उजेड पाझरतो. म्हणून चित्रांतील काळोख करडा दिसतो. ‘एल. ई. डी.’ म्हणून विकला जाणारा संचही बहुधा एल. सी. डी.च असतो; मागचे दिवे तेवढे निराळ्या जातीचे.

ओ. एल. ई. डी.ची रीतच वेगळी. १९८७ सालीं कोडॅक कंपनींतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक ह्यांनीं कार्बनी संयुगांच्या अतिशय पातळ थरांतून वीज नेऊन, अल्प दाबावर चांगला प्रकाश मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. ह्या पडद्यांत प्रत्येक बिंदु स्वतः उजळतो. दीपावलींत वडाळे तळ्याच्या कांठीं पणत्यांची रांग मांडावी आणि हवी ती लावावी, नको ती मालवावी, तशी ही व्यवस्था. मालवलेला बिंदु पूर्ण काळा.

परंतु पणतींतील तेल सरतें, तसें ह्या संयुगांचें तेजही वापरानें क्षीण होतें. निळ्याचें विशेष लवकर. एकच चिन्ह फार काळ स्थिर राहिल्यास त्याचा ठसा उमटूं शकतो. काळ्या चित्रास वीज थोडी पुरते. पांढऱ्या पानास मात्र सर्व बिंदु उजळावे लागत असल्यानें ती अधिक लागते.

म्हणून महाग तें सर्वांस योग्य, असें नव्हे. अंधाऱ्या खोलींत चित्रपट पाहणारास ओ. एल. ई. डी. आवडेल, पांढऱ्या पानावर धडे वाचणाऱ्या विद्यार्थ्यास चांगली एल. सी. डी. पुरेशी आहे. विद्यार्थिमित्रांनो, रात्रीं खोलींतील दिवा मालवून घरच्या पडद्यावर संपूर्ण काळें चित्र आणा. कांठापर्यंत मंद उजेड दिसला, तर मागें दिवा आहे असें समजावें.