खेकड्याच्या आमिषाने मासेमारी (परभणी जिल्हा)

खेकड्याच्या आमिषाने मासेमारी ही गळाने मासे पकडण्याची एक पद्धत असून महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या काठी ती प्रामुख्याने उन्हाळ्यात व मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत केली जाते. गोड्या पाण्यातील लहान खेकडा गळाला लावून तो नदीच्या तळाशी ठेवला जातो आणि शिवडा, शिंगाळा, मरळ, वाम यांसारखे मांसाहारी मासे त्यावर पकडले जातात. जाळ्याने होणाऱ्या मासेमारीच्या मानाने या पद्धतीचे उत्पन्न अल्प आहे. तथापि जलाशयांत सोडल्या जाणाऱ्या कटला, रोहू आदी माशांना खेकड्याचे आकर्षण नसल्याने, ज्या डोहात या आमिषाला मासा लागतो तेथे नदीचे मूळ शिकारी मासे अद्याप टिकून आहेत, असे अनुमान काढता येते.

पार्श्वभूमी

परभणी जिल्हा समुद्रापासून दूर, गोदावरीच्या मध्य खोऱ्यात वसला आहे. गोदावरी ही पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या तालुक्यांच्या बाजूने वाहते. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा नदी कंठेश्वर येथे गोदावरीत विलीन होते. तिन्ही नद्यांचे पाणी आज मोठ्या प्रमाणात अडविलेले आहे. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरी धरण असून ते १९६८ मध्ये पूर्ण झाले. गोदावरीवर वरच्या बाजूस पैठण येथील जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. दुधनेवर सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प आहे. याशिवाय जिल्ह्यात गोदावरीच्या पात्रातच ढालेगाव, मुदगल, मुळी व डिग्रस यांसारखे उच्च पातळीचे बंधारे उभे राहिले. त्यामुळे पूर्वीची वाहती नदी आता एकापाठोपाठ एक अशा साठ्यांची साखळी बनली असून, साठ्यांमधील पात्र उन्हाळ्यात वाळू व डोहांपुरते उरते.

नदीकाठच्या गावांत मासेमारी हा परंपरेने भोई समाजाचा व्यवसाय आहे. नाव चालविणे, पालखी वाहणे आणि मासे पकडणे ही या समाजाची जुनी कामे होत. मोठ्या जलाशयांतील मासेमारीचा ठेका सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो व ती जाळ्यांनी चालते. गळाची मासेमारी मात्र व्यवसायाबरोबरच घरच्या कालवणासाठी आणि निव्वळ हौसेनेही केली जाते. शेतकरी, शेतमजूर व सुट्टीतील शाळकरी मुलेही ती करतात.

खेकडा

गोड्या पाण्यातील खेकडा हा दशपाद गणातील कवचधारी प्राणी आहे. मराठवाड्यात *बॅरिटेल्फुसा* या प्रजातीतील खेकडे सर्वत्र आढळतात. त्यांपैकी *बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस* ही जाती विशेष परिचित आहे. नदी, ओढा व विहिरीच्या काठच्या चिकण मातीत हे खेकडे बिळे करतात. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की ते बिळात खोल, ओलाव्याच्या पातळीपर्यंत जातात व तेथे जवळजवळ निश्चल राहतात. पहिला दमदार पाऊस होताच ते बाहेर पडतात आणि रात्रीच्या वेळी बांधावर, पांदीत, क्वचित रस्त्यावरही दिसू लागतात.

समुद्री खेकड्यांची अंडी फुटल्यावर पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या बाहेर येतात. गोड्या पाण्यातील खेकड्यांत ही अवस्था नसते. अंड्यातून थेट लहान खेकडाच बाहेर पडतो आणि काही काळ मादीच्या पोटाखालील पाळीत राहतो. पिलांची संख्या त्यामुळे समुद्री खेकड्यांच्या मानाने फारच कमी असते. मादी ओळखणे अवघड नाही: तिच्या पोटाखालील पाळी रुंद व गोलसर, तर नराची अरुंद व निमुळती असते. पिले किंवा अंडी असलेली मादी आमिषासाठी घेतली, तर एका गळासाठी त्या बिळातील पुढची पिढी खर्ची पडते.

आमिष म्हणून खेकड्याचे मोल तीन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे त्याचा वास. कवच फोडल्यावर आतील रस पाण्यात हळूहळू पसरतो आणि मिशांनी व वासाने भक्ष्य शोधणाऱ्या शिवडा-शिंगाळ्यासारख्या माशांना तो दुरूनही कळतो. दुसरी म्हणजे टिकाऊपणा. गांडूळ किंवा कणकेचा गोळा लहान मासे क्षणात कुरतडून नेतात, गळ रिकामा होतो आणि वर बसलेल्याला ते कळतही नाही. खेकड्याचे कवच त्यांना दाद देत नाही. तिसरी गोष्ट यातूनच येते, ती म्हणजे निवड. लहान मासा या आमिषाच्या वाटेस जात नसल्याने जो लागतो तो सहसा मोठा असतो.

सर्व खेकडे सारखे उपयोगी नसतात. वाढ होताना खेकडा जुने कवच टाकतो आणि नवे कवच कठीण होईपर्यंत काही दिवस मऊ राहतो. या अवस्थेत तो स्वतःचे रक्षण करू शकत नाही व माशांना तो विशेष प्रिय असतो. असा मऊ खेकडा मिळणे हा मात्र नशिबाचा भाग. तो बहुधा बिळातच दडून असतो. व्यवहारात रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, कठीण कवचाचा खेकडा वापरतात. त्याहून मोठा खेकडा गळाला लावण्याऐवजी रश्श्यात जातो, हेही सांगावयास हवे.

साधने व पद्धत

गळ म्हणजे टोकाशी उलटा काटा असलेला वाकडा पोलादी आकडा. तो तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याच्या टोकाला बांधतात आणि वर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा लावतात. शिवड्याचे दात बारीक पण दाट असल्याने काही जण गळाजवळचा भाग तारेचा ठेवतात. काठी बांबूची असते, अथवा नुसता दोरा हाताने फिरवून फेकला जातो. अलीकडे चक्रीच्या तयार काठ्याही दिसतात.

खेकडा लावताना त्याच्या दोन्ही नांग्या प्रथम काढून टाकतात. अन्यथा तो तळातील दगड किंवा मुळी धरून बसतो आणि दोरा अडकतो. त्यानंतर मागच्या पायाच्या बुडातून गळ आत घालून त्याचे टोक कवचाच्या कडेने बाहेर काढतात. टोक बाहेर मोकळे राहणे महत्त्वाचे असते. ते कवचाआड राहिल्यास मासा खेकडा चिरडून खातो व गळ तोंडाबाहेर सुटतो. मोठा खेकडा असल्यास त्याचे दोन भाग करून प्रत्येक भाग दोऱ्याने गळाला बांधतात. वामीसाठी संपूर्ण खेकडा मोठा ठरतो. तिच्या निमुळत्या तोंडाला पायातील मांसाचा तुकडा पुरतो. मरळीला खेकड्यापेक्षा जिवंत बेडूक अधिक भावतो, हा गळकऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

आमिष डोहाच्या उतारावर, जेथे उथळ पाणी एकदम खोल होते तेथे ठेवले जाते. शिवडा दिवसा खोल पाण्यात किंवा काठाच्या कपारीत राहतो व अंधार पडल्यावर उथळ भागाकडे येतो. म्हणून सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तास आणि पहाट हा काळ चांगला मानतात. शिवडा खेकडा सावकाश चाचपत नाही, तर घेऊन चालू लागतो. दोरा सरकू लागताच घाईने ओढल्यास गळ निसटतो. फार वाट पाहिल्यास मासा तो गिळतो.

उन्हाळ्याचे महत्त्व

एप्रिल व मे महिन्यांत पात्र आटते आणि विस्तृत क्षेत्रातील मासे मोजक्या डोहांत एकवटतात. पाणी तापले की त्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण घटते, त्यामुळे भर दुपारी मासे मंद होतात आणि खाणे रात्रीकडे ढकलले जाते. याच वेळी खेकडे बिळात गेलेले असल्याने डोहातील माशांना ते सहज मिळत नाहीत. अशा वेळी पाण्यात पडलेला खेकडा दुर्लक्षिला जात नाही. आमिष मिळविणे मात्र याच काळात कष्टाचे असते, कारण बीळ हातभर किंवा त्याहून खोल उकरावे लागते.

मृगाचा पाऊस पडला की चित्र उलटते. खेकडे सर्वत्र मिळतात, नदीला गढूळ पाण्याचा पहिला लोंढा येतो आणि मासे प्रवाहाच्या विरुद्ध चढू लागतात. वर्षातील सर्वांत मोठे मासे बहुधा याच दिवसांत लागतात. परंतु शिवडा, शिंगाळा आणि इतर अनेक नदीमाशांचा विणीचा हंगामही हाच होय. या वेळी पकडलेली मादी बहुतेक वेळा अंड्यांनी भरलेली असते. मरळीच्या बाबतीत विणीनंतरही धोका राहतो, कारण नर-मादी पिलांच्या थव्याची राखण करतात. राखण करणारा मासा काढून घेतल्यास थवा इतर माशांचे भक्ष्य होतो.

बदललेला मत्स्यसाठा

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. या तंत्रामुळे कटला, रोहू व मृगळ यांचे बीज हवे तेव्हा तयार करणे शक्य झाले आणि देशभरातील तलाव-धरणांत ते सोडले जाऊ लागले. परभणीतील जलाशयही त्यास अपवाद नाहीत. मच्छीमार संस्थांचे उत्पन्न आज मुख्यत्वे या माशांवर उभे आहे आणि त्याचे श्रेय या तंत्राला द्यावेच लागते.

कटला पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरातील वनस्पतिजन्य अन्न घेतो आणि मृगळ तळातील कुजका पाला व गाळ खातो. यांपैकी कोणीही खेकड्याकडे वळत नाही. त्यांच्यासाठी कणीक, भाताचा कोंडा व पेंड ही आमिषे वापरतात. बाहेरून आलेल्या टिलापियाला, ज्यास स्थानिक बोलीत चिलापी म्हणतात, गांडूळ पुरते. त्यामुळे जलाशयाच्या काठी कणकेचा गोळा आणि नदीच्या उरलेल्या डोहांवर खेकडा, अशी आमिषांची विभागणी दिसते.

शिवडा (*वॅलॅगो अट्टू*) हा एक मीटरहून अधिक लांब वाढणारा मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात नोंदविलेला आहे. अतिमासेमारी व अधिवासाचा ऱ्हास ही त्याची प्रमुख कारणे होत. विणीसाठी वर चढणाऱ्या माशाला बंधाऱ्याची भिंत अडविते, आणि वाळूच्या उपशाने डोहांचे व काठांचे स्वरूप बदलते. काठ ढासळला की खेकड्यांची बिळेही जातात. म्हणजे मासा व त्याचे भक्ष्य दोन्ही एकाच कारणाने कमी होतात.

अन्यत्र

खेकड्याचे आमिष जगातील अनेक किनाऱ्यांवर वापरले जाते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर उन्हाळ्यात लाटांच्या पट्ट्यात उभे राहून स्ट्राइप्ड बास या माशासाठी खेकडा टाकण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. हा मासा समुद्रात राहतो व विणीसाठी नद्यांत शिरतो. नैसर्गिक आमिष मासा खोलवर गिळतो, गळ पोटात रुततो आणि पाण्यात परत सोडलेला मासाही मरतो, असे आढळल्याने तेथे २०२१ पासून या माशासाठी नैसर्गिक आमिषासोबत गोल गळ वापरणे बंधनकारक आहे. गोल गळाचे टोक दांड्याकडे वळलेले असल्याने तो पोटात न रुतता तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. शिवाय ठरावीक किमान व कमाल लांबीच्या दरम्यानचाच मासा ठेवता येतो. मोठ्या माद्यांना वाचविणे हा कमाल मर्यादेचा एक हेतू आहे.

कायदा

भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ अन्वये पाण्यात स्फोटके वापरून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा आहे. राज्यात महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० हाही लागू आहे. उन्हाळ्यातील लहान डोहात टाकलेले एक स्फोटक गळाने वर्षभरात निघणार नाहीत इतके मासे, त्यांच्या पिलांसह, एका क्षणात मारते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात लागू असणारी यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरील बंदी ही सागरी मासेमारीपुरती असून ती परभणीतील नद्यांना लागू होत नाही. जलाशयात गळ टाकण्यापूर्वी मात्र तेथील ठेकेदार संस्थेची अनुमती घ्यावी लागते. बंधाऱ्याच्या दारांखालील पात्रात उतरणे पावसाळ्याच्या तोंडावर धोक्याचे असते; वरून पाणी सोडल्यास कोरडे वाटणारे पात्र अल्पावधीत भरते.