घरचा काढा आणि आपल्या विहिरीचें पाणी

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत ज्याच्या अंगणांत तुळस नाहीं असें शेतकऱ्याचें घर विरळाच. गवती चहाचें बेट आपल्याकडे नसलें तर शेजाऱ्याकडे असतें. अडुळशास गुरें तोंड लावीत नाहींत म्हणून तो कुंपणास लाविलेला असतो, गुळवेल बांधावरील कडुनिंबावर आपोआप चढते, आणि सुंठ, मिरीं, धने हीं तर स्वयंपाकघरांतलींच. औषध दाराशीं आहे. तें करावें कसें व प्यावें कसें हें ज्ञान मात्र घरांतून ओसरत चाललें आहे. सन २०२० च्या साथींत आयुष मंत्रालयानें तुळस, दालचिनी, सुंठ व काळीं मिरीं यांच्या काढ्याची शिफारस केली, तेव्हां घरोघरीं पातेलीं चुलीवर चढलीं. पण त्यांत हातीं येईल तें पडूं लागलें आणि तें वाटेल तितका वेळ आटूं लागलें. जितका दाट व कडू तितका गुणकारी, हा समज आमच्या मतें चुकीचा आहे. आपल्या भागांत तर तो अपाय करणारा आहे.

जुन्या वैद्यांनीं सर्व वनस्पतींस एकच रीत सांगितलेली नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत काढा, फांट व हिम अशा निरनिराळ्या कृती दिल्या आहेत. काढ्यासाठीं भरडलेल्या द्रव्याच्या सोळापट पाणी घालून तें मंद आंचेवर अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचें, व भांड्यावर झांकण ठेवावयाचें नाहीं. फांटासाठीं द्रव्याच्या चौपट कढत पाणी त्यावर ओतून, थोडा वेळ मुरूं देऊन गाळावयाचें. हिमासाठीं सहापट थंड पाण्यांत द्रव्य रात्रभर भिजवून सकाळीं गाळून घ्यावयाचें. यामागील कारण आज सहज उलगडतें. साल, मूळ, खोड हीं कठीण द्रव्यें. त्यांतील अंश आटविल्याशिवाय पाण्यांत उतरत नाहीं. गवती चहा, तुळस, पुदिना यांचा गुण मात्र त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. गवती चहा अर्धा तास उकळला कीं त्याच्या सुगंधानें सारें घर दरवळतें हें खरें, पण जो वास घरांत पसरला तो पेल्यांत राहिला नाहीं! अशीं पानें हातानें चुरगाळून भांड्यांत घालावीं, वर उकळतें पाणी ओतावें आणि लगेच झांकण ठेवावें. पांच ते दहा मिनिटें पुरेत. वैशाखांतल्या उन्हाळ्यांत धन्याचा हिम यापेक्षांही सोपा. त्यास जळणच लागत नाहीं.

आतां पाण्याविषयीं. याकडे आमचे शेतकरी बंधु क्वचितच लक्ष देतात, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. सोळा वाट्या पाणी आटवून दोन वाट्या उरविल्या, तर सोळा वाट्यांतील क्षार बहुतेक त्या दोन वाट्यांतच राहतात. वाफ होऊन जातें तें केवळ पाणी. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, किनवट तालुक्याकडे, दख्खनचा काळा पाषाण संपून ग्रॅनाइटचा खडक उघडा पडतो, आणि तेथील कांहीं गांवांच्या कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळलें आहे. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरें पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालतें. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटांत गेल्यास लहानपणीं दांतांवर डाग पडतात व पुढें हाडें, सांधे धरतात. उकळल्यानें जंतु मरतात; फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाहीं. म्हणजे ज्या आजोबांस सांधेदुखीवर रोज काढा दिला जातो, त्यांच्याच पेल्यांत आठ पेल्यांचें फ्लोराइड जाण्याचा संभव! सन २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा टंचाईच्या सालीं लोक खोल कूपनलिकांवर येतात, व खोल पाण्यांत क्षार पुष्कळदां अधिक असतात. म्हणून पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेंत करून घ्यावी. तोंवर काढ्यास स्वच्छ धरून ठेवलेलें पावसाचें पाणी किंवा आर. ओ. यंत्राचें पाणी वापरावें. तेंही न मिळाल्यास काढा सोडून फांटावर समाधान मानावें.

पाला कोठून तोडावा हेंही पाहिलें पाहिजे. सोयाबीन किंवा कापसाच्या शेताचा बांध म्हणजे फवारणीचे तुषार येऊन बसण्याची जागा. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर दगावले. तेंच विष पानावर बसून काढ्यांत येऊं नये. औषधी झाडें घराजवळच लावावीं हें उत्तम. गुळवेलीची ओळखही नीट पटवून घ्यावी. सन २०२१ मध्यें मुंबईंतील डॉक्टरांनीं गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या कांहीं रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हां ती वेल तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असावी असा आक्षेप आयुष मंत्रालयानें घेतला. या वादाचा निकाल कसाही लागो. अनोळखी वेल पोटांत घालूं नये, आणि ओळखीचीही महिनोन्‌महिने घेऊं नये. नांदेडास शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. शंका असल्यास फांदी तेथें नेऊन दाखवावी.

पिण्याची रीत म्हणाल तर ती चहाच्या रीतीहून अगदीं निराळी. चहाचा प्रसार व्हावा म्हणून १९०३ सालीं निर्यातीच्या चहावर उपकर बसविण्यांत आला, व त्या पैशांतून पुढें आपल्या देशांतही चहाची जाहिरात झाली. आज हॉटेलांत उभ्या उभ्या, बोलतां बोलतां गोड चहा घशाखालीं जातो. काढाही आम्ही तसाच नाक दाबून ओततों. बसून, हातांत पेला धरून, आधीं वास घेऊन घोट घोट प्यावें. चव कळली कीं मात्रा कळते. जास्त झालेली सुंठ जिभेस लगेच समजते, ढेकळाएवढा गूळ घातल्यावर मात्र समजत नाहीं. फार कढतही पिऊं नये. ६५ अंश सेल्सिअसपेक्षां ऊन पेयांनीं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव वाढत असावा असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें सन २०१६ मध्यें नमूद केलें आहे.

गर्भवती स्त्रीस अडुळसा देऊं नये, कारण त्यांतील द्रव्यानें गर्भाशयाचें आकुंचन होऊं शकतें. रक्तदाब असलेल्यानें ज्येष्ठमध टाळावा. तो दाब वाढवितो. एक वर्षाच्या आंतील मुलास मध चाटवूं नये, मग तो काढ्यांत मिसळलेला कां असेना. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर अडुळशाचा काढा चालूं ठेवून दिवस घालवूं नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन क्षयासाठीं थुंकी तपासून घ्यावी, ती तपासणी सरकारी केंद्रांत विनामूल्य होते.