हिरवळीखालचा माळ

१९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम पुण्याबाहेर नेला, तो हिंगण्याच्या माळावर. त्याच माळाचं आज कर्वेनगर झालंय. सोसायट्या उभ्या राहिल्या आणि गेटच्या आत हिरवंगार लॉन आलं. या लॉनपाशी उकिडवं बसून नीट पाहा. एकच गवत, एकाच उंचीचं. फूल नाही, नाकतोडा नाही. आणि तहान केवढी! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरलं, तर शंभर चौरस मीटरचं लॉन रोज ५०० लिटर पितं. तेही टँकर बोलावण्याच्या दिवसांत.

याउलट माळाचं गवत उन्हाळ्यात खुशाल वाळतं, मुळं मात्र जिवंत ठेवतं. पुण्याचा सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्याला पुरतो. मारवेल, पवन्या, कुसळी ही इथलीच गवतं. त्यांच्या मधून कुर्डू, तेरडा, केना, विष्णुक्रांत उगवतात. आंबुशीवर चिमुकली निळी फुलपाखरं अंडी घालतात, गवताच्या बियांवर मुनिया येतात.

लॉनचा माळ करायला तणनाशक लागत नाही, पुण्याचा मे महिना पुरतो. आधी हरळी मुळासकट खणून काढायची. जमीन चांगली भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं, कडा मातीने दाबायच्या आणि चार-सहा आठवडे हात लावायचा नाही. ऊन आत शिरतं, उष्णता अडकते, ओल ती खाली पोचवते. वरचा थर पन्नास अंशांच्या आसपास तापतो आणि तणांचं बरंचसं बी मरतं. नागरमोथा मात्र चिवट. त्याच्या गाठी खोल असतात, तो दोन पावसाळे हातानेच उपटावा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. शेणखत घालू नका, नव्या मातीचा ट्रकही नको. साताऱ्याजवळच्या कास पठारावर मातीचा थर इतका पातळ आणि नत्र इतकं कमी, की दवबिंदू नावाच्या वनस्पतीसारखी झाडं कीटक धरून ती भूक भागवतात. म्हणूनच तिथे एवढ्या जातींची फुलं नांदतात. माती सकस झाली की दोन-तीन दांडगी गवतं बाकीच्यांना झाकून टाकतात. आपल्या बागकामाच्या सवयीला हे पटत नाही, पण फुलं हवी असतील तर जमीन गरीबच ठेवावी लागते.

बी मृगाच्या सुमारास, वाळूत मिसळून फेकायचं. कुसळीचं बी मागच्या दिवाळीनंतरचं हवं, कारण ताजं बी काही महिने झोपलेलंच असतं. हे बी एकदा तळहातावर घेऊन पाहा. टोकाशी अणकुचीदार, मागे पिळलेलं लांब कुसळ. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. पीळ सुटू लागतो, कुसळ हळूहळू गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ पडतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर हे बी स्वतःला जमिनीत पेरतं. वेताळ टेकडीवरून आपण मोज्यात घेऊन येतो, तेच हे कुसळ!

बाजारातली विलायती फुलांच्या बियांची पाकिटं टाळा. मूळचा मेक्सिकोकडचा नारिंगी कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर असाच सुटलाय. गाजरगवताची कथा तर आपल्या घरचीच. भारतातला त्याचा फैलाव १९५०च्या दशकात लक्षात आला, तो पुण्यात. ते दिसलं की फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटायचं.

सोसायटीच्या सभेत डास आणि सापांचा प्रश्न निघेल, आणि तो रास्त आहे. डासांची पैदास साठलेल्या पाण्यात होते, तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या आधी रिकाम्या करा. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. तरीही दारांपाशी आणि वाटांच्या कडेला तीन-चार फुटांची पट्टी कापलेलीच ठेवा; पाय कुठे पडतोय ते दिसतं आणि जागेची कोणीतरी काळजी घेतंय हेही कळतं. बाकीचा माळ वर्षातून एकदाच, बी झडल्यावर, विळ्याने कापायचा आणि कापलेलं गवत उचलून न्यायचं, म्हणजे जमीन सकस होत नाही.

सगळं लॉन एकदम काढू नका. येत्या मेमध्ये दहा बाय दहा फुटांचा एक कोपरा सोसायटीकडून मागून घ्या.