सायकलवरून घाट चढताना

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की आमच्या सातारा जिल्ह्यातील घाटरस्त्यांवर भल्या पहाटे सायकली दिसू लागतात. पूर्वी घाटात सायकल दिसायची ती दुधाचे कॅन अडकवलेली, आणि तीसुद्धा हाताने ढकलत नेलेली. आता चाळिशी-पन्नाशीतले दुकानदार, शिक्षक, बँकेतले नोकरदार गिअरच्या सायकली घेऊन हौसेने वाईहून पाचगणीला निघतात. एक डॉक्टर म्हणून मला याचे समाधानच आहे. मात्र गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मनातून जात नाही, म्हणून आजचा हा लेख.

गृहस्थांचे वय ५२, किराणा मालाचा व्यवसाय. नवी सायकल घेऊन तीन आठवडे झाले होते. रोज सकाळी वाई ते सुरूर रस्त्यावर वीस किलोमीटर फिरून येत. रविवारी मित्रमंडळींबरोबर पसरणीच्या घाटात गेले. काही वळणे चढल्यावर छाती आवळल्यासारखी झाली, खालच्या जबड्यात कळ आली. कठड्यावर बसले, पाच मिनिटांत बरे वाटले. बरोबरच्यांनी निदान केले, "पित्त झालं असेल, रात्री भजी खाल्ली होतीस." पुन्हा सायकलवर बसले, पुन्हा तेच. तरीही कसेबसे पाचगणी गाठलीच! दोन दिवसांनी माझ्याकडे आले तेव्हा कार्डिओग्राम अगदी व्यवस्थित होता. मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सपाटीवर रोज वीस किलोमीटर मारतो, काही होत नाही. मग घाटातच कसं दुखलं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर थोड्या हिशेबाने समजेल.

सपाटीवर सायकलचा झगडा मुख्यतः वाऱ्याशी आणि चाकांच्या घर्षणाशी असतो. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने निवांत जाताना, वारा पडलेला असेल तर, पायांना साधारण ५० वॅट शक्ती द्यावी लागते. शिवाय पाय थांबवले तरी सायकल पुढे घरंगळते, तेवढी उसंत शरीराला मिळते. घाटात हा हिशेब बदलतो. वाई ते पाचगणी अंतर सुमारे बारा किलोमीटर, आणि तेवढ्यात आपण साडेपाचशे मीटरपेक्षा थोडे अधिकच वर चढतो. म्हणजे दर शंभर मीटरला साडेचार-पाच मीटर चढ. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर ताशी आठ किलोमीटर या रांगत्या वेगालाही सुमारे १०० वॅट लागतात. मित्रांच्या बरोबरीने ताशी बारा किलोमीटर जायचे म्हटले तर दीडशेच्या वर. म्हणजे रोजच्या सवयीच्या तिप्पट, आणि तेही तासभर. पाय थांबवला की सायकल थांबते, त्यामुळे उसंत नाही.

स्नायूंना जास्त काम म्हणजे जास्त प्राणवायू, म्हणजे हृदयाला जास्त ठोके. पण हृदय हाही एक स्नायूच. त्याला रक्त पुरवणारी धमनी आतून अरुंद झाली असेल तर ५० वॅटला पुरणारे रक्त १५० वॅटला पुरत नाही, आणि छाती तक्रार करते. विश्रांती घेतली की मागणी कमी होते, दुखणे थांबते. म्हणूनच ते पित्त वाटते. दवाखान्यात पट्ट्यावर चालायला लावून जी स्ट्रेस टेस्ट करतात, तीच या गृहस्थांनी नकळत घाटात करून घेतली होती. फरक इतकाच की शेजारी डॉक्टर नव्हता. विश्रांतीत काढलेला कार्डिओग्राम अशा वेळी नॉर्मल येऊ शकतो, हे वाचकांनी नीट लक्षात ठेवावे. त्यांना मी साताऱ्याला पाठवले. पुढे एका धमनीत स्टेंट बसवावा लागला.

कित्येकांची समजूत असते की वर हवा विरळ म्हणून धाप लागते. पाचगणी-महाबळेश्वरची उंची साधारण तेराशे मीटर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा थोडा कमी असतो खरा, पण निरोगी माणसाला तो सहसा जाणवतही नाही. धाप लागते ती चढाने, आणि त्याहूनही ईर्ष्येने.

कारण चढायची उंची ठरलेली असली तरी ती किती वेळात चढायची हे आपल्या हाती असते. पाऊण तासाऐवजी दीड तास घेतला तर काम तेवढेच होते, पण हृदयावरचा भार दर क्षणाला जवळजवळ निम्म्याने उतरतो. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे : शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. मनगटी घड्याळावर हल्ली नाडीचे ठोके दिसतात, पण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी घेणाऱ्यांची नाडी औषधाने मुळातच आवरलेली असते. तो आकडा पाहून त्यांनी निर्धास्त होऊ नये.

आता गुडघ्यांविषयी. आपल्या जुन्या काळ्या सायकलला पुढे साधारण ४४ दाते आणि मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरहून अधिक पुढे जाते. घाटात ताशी आठ किलोमीटरने चालवायची तर मिनिटाला पंचवीसच फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला सारे अंग गुडघ्यावर टाकावे लागते. वाटीच्या मागची कूर्चा याने दुखावते. गिअरच्या सायकलवर पुढचे लहान आणि मागचे मोठे चक्र वापरले तर तोच वेग साठ फेऱ्यांत, हलक्या पायाने राखता येतो. लहान गिअर टाकण्यात काही कमीपणा नाही. गिअर त्यासाठीच असतात. काळी सायकल असेल तर उतरून चालावे, दूधवाले वेडे नव्हते. सीटची उंचीही पाहा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेले तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात किंचित बाक राहतो. आपल्याकडे सीट खालीच ठेवायची खोड आहे आणि गुडघ्याच्या पुढच्या भागातल्या दुखण्याचे ते एक मोठे कारण आहे.

कोणता घाट आधी, असेही विचारले जाते. पसरणीचा (शाहीर साबळे यांचे हे गाव) चढ लांब पण सारखा आहे, खाली धोमचे पाणी दिसत राहते. नवशिक्याने अर्ध्यातून परतायला हरकत नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा चढ छोटा पण अंगावर येणारा. श्वास सावरायच्या आत वळण येते. पुढे हाच रस्ता कास पठाराकडे जातो. २०१२ साली कासचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि फुलांच्या दिवसांत मोटारींची गर्दी व धुके एकदमच भेटते. ते आठवडे टाळावेत. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर हे मात्र मुरलेल्यांचे काम. जवळपास समुद्रसपाटीपासून निघून सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये बाराशे मीटरहून अधिक चढायचे असते. उन्हाळ्यात पायथ्याची दमट कोकणी हवा घाम वाळू देत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. उजाडायच्या आत निघावे, तासाला अर्धा लिटर तरी मीठ-साखर घातलेले पाणी घोटघोट प्यावे. खंबाटकीचा विचारच नको. ट्रकच्या धुरात दीर्घ श्वास घेण्याने कोणाचेच भले होत नाही.

मधुमेहाचे जे रुग्ण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी उपाशीपोटी घाटात जाऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्यावे. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसली की आधी साखर तोंडात, मग बाकीचे. आणि वजन उतरवायला निघालेल्यांना सांगतो, पसरणीचा घाट एकदा चढण्याला साडेचारशे-पाचशे कॅलरी लागतात. पाचगणीत दोन वडापाव आणि गोड चहा घेतला की जमाखर्च तोट्यात.

उतारावर दम लागत नाही म्हणून माणूस गाफील होतो. ओला सदरा गार वाऱ्यात अंगाला चिकटतो, बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबायलाच उशीर होतो. वर पोहोचताच कोरडा सदरा घालावा. ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी दोन्ही दाबावेत, मग सोडावेत. रबरी गट्ट्यांचे ब्रेक पावसात उशिरा पकडतात. वळणावर समोरून येणारी एसटी बरीचशी आपल्या बाजूला येते, तिला जागा ठेवावी.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या वडिलांना वा भावाला कमी वयात हृदयविकार झाला आहे त्यांनी घाटाआधी डॉक्टरांना भेटावे. चढताना छातीत आवळले, जबडा किंवा हात भरून आला, अकारण गार घाम सुटला तर तिथेच उतरून बसावे. बरे वाटले तरी पुन्हा चढू नये, आणि उतार आहे म्हणून सायकलवरून खालीही येऊ नये. १०८ ला फोन करून जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. घाटात रेंज नेहमी मिळत नाही, म्हणून एकट्याने जाऊ नये. सोबती फोन लागेल तिथपर्यंत जाऊ शकतो किंवा एखादी गाडी थांबवू शकतो.

ते किराणा दुकानदार गृहस्थ हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने सहा महिन्यांनी पुन्हा घाटात गेले. पाचगणीला पोहोचायला त्यांना पावणेदोन तास लागले. मित्र पुढे जाऊन चहा पिऊन बसले होते.