धाराशिवची धावपट्टी आणि वरचं आभाळ

मे महिन्यात भर दुपारी बालाघाटच्या पठारावर उभं राहिलं, की समोर मृगजळ थरथरताना दिसतं. शेतकऱ्यासाठी ती उन्हाच्या तडाख्याची खूण असते. वैमानिक त्यातून वेगळं ओळखतो: आज विमान उचलायला जास्त धावपट्टी लागणार. म्हणूनच या पठारावरच्या धाराशिवच्या विमानतळाची ओळख तिथल्या हवेपासून करून घ्यायला हवी.

हा विमानतळ लहान आहे. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडचा हा विमानतळ २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि यवतमाळ यांच्यासह अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहाकडे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं गेला होता. धाराशिवकर नियमित प्रवासी सेवेची वाट अजूनही पाहत आहेत.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा मुळातच विरळ असते आणि उन्हानं ती आणखी विरळ होते. पारा ४२ अंशांवर गेला, की विमानाच्या दृष्टीनं ही जागा सुमारे १,८०० मीटर उंचीची होते, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षाही उंच. अशा हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकद घटते. मग तेच विमान उडायला जास्त धाव घेतं आणि वरही सावकाश चढतं. म्हणून उन्हाळ्यात लहान विमानाचं उड्डाण सकाळच्या गारव्यात उरकणं किंवा वजन कमी ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग वर चढू लागतात आणि वारा-वावधान सुटतं. वळवाच्या पावसाआधी ढगातून थंड हवा वेगानं खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि काही मिनिटांत वाऱ्याची दिशा फिरते. उतरणाऱ्या विमानासाठी हा सर्वांत धोक्याचा क्षण. समोरून येणारा वारा अचानक पाठीमागून लागला, तर विमानाची उचल घटते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. ज्या ढगानं रब्बीची उभी पिकं झोडपली, तशा ढगापासून वैमानिकानंही लांबच राहायचं असतं.

पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून वाहतात. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं आणि उतरतं, म्हणून नारिंगी-पांढरा कापडी विंडसॉक कुठल्या बाजूला फुगलाय हे आधी पाहिलं जातं. ओल्या धावपट्टीवर पाणी साचलं, तर चाकं पाण्याच्या थरावर तरंगतात आणि ब्रेक लागत नाहीत. धावपट्टीचा उतार, पाण्याचा निचरा आणि कडेची जमीन यांची देखभाल म्हणूनच गरजेची. काळ्या मातीत पाणी मुरलं, की तिथं घसरलेलं चाक रुततं.

थंडीत तेरणा नदीच्या खोऱ्यात पहाटे धुई उतरते. केवळ नजरेच्या भरवशावर उडायचं, तर भारतीय नियमांनुसार विमानतळावर किमान पाच किलोमीटरपर्यंत दिसायला हवं आणि ढगांचा थर ४५० मीटरपेक्षा खाली नको. ढग खाली आले, की बालाघाटचे डोंगरमाथे झाकले जातात. अशा वेळी ऊन वर येईपर्यंत थांबणं हेच कौशल्य.

विमान कधी सुरू होणार, हा प्रश्न धाराशिवमध्ये नेहमी विचारला जातो. त्यासोबत आणखी एक मागणी आपण लावून धरली पाहिजे. वारा, तापमान, दृश्यता आणि पाऊस यांची अखंड नोंद धावपट्टीच्या काठावरच व्हावी आणि ती सर्वांसाठी खुली असावी. ती नोंद वैमानिकाचा जीव वाचवेल आणि शेजारच्या शिवारात फवारणीला निघालेल्या शेतकऱ्याच्याही कामी येईल. दोघांच्याही डोक्यावर आभाळ एकच आहे.